भंगाराची बोली : चांद्याच्या काट्यापासून मालगाडीपर्यंत

विकणाऱ्याच्या तोंडी ‘भंगार’ हा एकच शब्द असतो, घेणाऱ्याच्या तोंडी वीस असतात. चंद्रपूर-गडचिरोलीतला जुन्या लोखंडाचा सगळा धंदा या फरकावर उभा आहे. सिंदेवाहीच्या, ब्रह्मपुरीच्या किंवा आरमोरीच्या गल्लीत दुपारच्या वेळी फेरीवाल्याची हाळी येते. मग माजघरातून, गोठ्यातून, कवेलूच्या छपराखालून माल बाहेर निघतो : बूड गेलेली बादली, गंजका पत्रा, दांडा तुटलेला तवा, जळालेली मोटार, पाणी गळणारा जुना नळ. सगळं एका पोत्यात. “काय भाव लावता जी?” घरची बाई विचारते. उत्तर एका आकड्यात मिळतं. त्या पोत्यात पाच-सहा वेगवेगळे जिन्नस आहेत हे फेरीवाल्याला पोतं उचलतानाच कळलेलं असतं. ते वेगळे करायचे ते पुढच्या नाक्यावर, बाईसमोर नाही.

त्या पोत्यातली बादली आणि पत्रा म्हणजे ‘टीन-टप्पर’. भाव सगळ्यात खाली, कारण पत्र्यात पोलाद कमी, गंज जास्त आणि वर जस्ताचा मुलामा. भट्टीत टाकला की बराचसा जळून राखेत जातो. तवा बिडाचा असेल तर त्याचा हिशेब वेगळा. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कार्बन दोन टक्क्यांच्या वर असतो, म्हणून ते वाकत नाही, घणाच्या एका घावात तुटतं आणि तुटलेल्या जागी करड्या रंगाचे दाणे दिसतात. ओतकाम करणाऱ्या फाउंड्र्यांना बीडच लागतं, त्यामुळे ते साध्या पत्र्याच्या ढिगात कधीच टाकलं जात नाही. ॲल्युमिनियमला आपल्याकडे अजून ‘जर्मल’ म्हणतात. जर्मलचा गंज म्हणजे पातेलं, जर्मलचं भगोनं. हलकं असतं, चुंबकाला चिकटत नाही आणि लोखंडाच्या कितीतरी पट भावाने जातं. नळ पितळेचा. जळालेल्या मोटारीत वेटोळ्याची तार तांब्याची असेल तर किलोमागे ती लोखंडाच्या वीसपटीच्या आसपास जाते. आता बऱ्याच पंख्यांत आणि मोटारींत ॲल्युमिनियमचं वेटोळं असतं, म्हणून जाणता माणूस तारेवर पात्याने ओरखडा काढून खालचा रंग पाहतो. स्टीलच्या ताटवाट्यांना चुंबक लावून बघतात. चिकटलं तर कमी प्रतीचं, न चिकटलं तर वरच्या भावाचं.

ही सगळी परीक्षा चुंबक, कानस आणि कान या तिघांवर चालते. कागद लागत नाही, यंत्रही लागत नाही. गावातल्या माणसाला ती शिकता येणार नाही असंही नाही. जंगलातल्या माणसाला लाकडाचा, मोहाचा, तेंदूपानाचा दर्जा डोळे मिटून कळतो. लोखंडाचा दर्जा मात्र त्याला कुणी सांगितलेला नाही, कारण सांगणाऱ्याचा नफा न सांगण्यातच आहे. अजूनही कित्येक गावांत भंगाराच्या बदल्यात रोख मिळत नाही, कांदे-लसूण मिळतात, पोरांच्या हातावर सोनपापडी ठेवली जाते. तांब्याच्या पावभर तारेवर मिळालेली सोनपापडी त्या घराला फार महाग पडलेली असते.

फेरीवाल्याला मी खलनायक म्हणणार नाही. उन्हातान्हात वीस-पंचवीस किलोमीटर सायकल हाकणारा तो माणूस या साखळीतला सगळ्यात कमी कमावणारा आहे. ज्या गोदामावर त्याचा माल उतरतो, तिथे त्यालाही अर्धेच शब्द सांगितले जातात.

*

गोदामाआधी खात्याकडे जाऊ. विदर्भात लोहारकाम करणाऱ्याला खाती म्हणतात, आणि या दोन जिल्ह्यांत भंगाराचा सर्वांत जुना आणि सर्वांत जाणकार गिऱ्हाईक तोच. ट्रकचा मोडलेला कमानपाटा त्याच्याकडे वजनावर जात नाही, नगावर जातो. गोदामवाला तो पाटा ‘हेवी’ म्हणून तोलतो, तर खाती त्याच्यात कुऱ्हाड, विळा, वखराची पास पाहतो.

कमानपाट्याच्या पोलादात कार्बन साध्या सळईपेक्षा दुपटी-तिपटीने जास्त असतो. म्हणून ते ‘पाणी धरतं’. खाती पाटा भट्टीत घालतो, भाता चालवतो, नारिंगी लाल झाला की छिन्नीने हवा तेवढा तुकडा तोडून ऐरणीवर घेतो. घणाचे घाव मारणारा समोर आणि हातोडीने जागा दाखवणारा आपण, अशी जोडी. धार उतरली की तुकडा पुन्हा तापवायचा आणि फक्त धारेचा भाग पाण्यात बुडवायचा. बाहेर काढल्यावर लगेच विटेच्या तुकड्याने तो घासून चकचकीत करतात आणि मग नुसतं पाहत राहतात. पाठीच्या भागात उरलेली उष्णता हळूहळू धारेकडे सरकते आणि चकचकीत पोलादावर रंग चालत येतो : आधी गवतासारखा पिवळसर, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. धारेवर नेमका हवा तो रंग आला की सबंध नग पाण्यात. क्षणभर आधी बुडवला तर धार काचेसारखी तडकते, क्षणभर उशिरा बुडवला तर पहिल्याच सागाच्या गाठीवर मुडपते. धातुशास्त्रात याला लांबलचक नाव आहे, इथे ‘पाणी देणं’ एवढंच म्हणतात.

गडचिरोलीतल्या सुरजागडच्या डोंगरातलं लोहखनिज एटापल्ली-आलापल्ली-आष्टी या रस्त्याने ट्रकांनी वाहिलं जाऊ लागलं तेव्हापासून मोडक्या पाट्यांना या भागात तोटा नाही. ज्या डोंगरातलं लोखंड बाहेर चाललं आहे त्याच डोंगराच्या पायथ्याच्या माणसाच्या हातात कुऱ्हाड येते ती ते लोखंड वाहणाऱ्या गाडीच्या मोडलेल्या पाट्यातून. या गोष्टीकडे मला नुसती गंमत म्हणून पाहता येत नाही. गडचिरोली जिल्ह्यात लोखंड वितळवण्याचं काम इतकी वर्षं झालंच नाही, तर जिल्ह्याच्या वाट्याला आलं काय, याचं उत्तर त्या पाट्यात आहे.

*

चंद्रपूरच्या गोदामात शब्द बदलतात. पडोलीच्या बाजूला, जिथे ट्रकांची दुरुस्ती, टायर, ग्रीस आणि धूळ यांचं राज्य आहे, तिथे टीन-टप्पर हा शब्द ऐकू येतो तो फक्त फाटकापाशी. आत ‘मेल्टिंग’. भट्टीत जाण्यालायक मालाला मेल्टिंग म्हणतात आणि त्याचे हेवी व लाइट असे दोन मोठे भाग पडतात. लेथवरून उतरलेल्या कुरळ्या छिलक्यांना ‘टर्निंग’, ड्रिलच्या बारीक भुशाला ‘बोअरिंग’, कारखान्यात पत्रा कापून उरलेल्या स्वच्छ तुकड्यांना ‘कटिंग’. टर्निंगला तेल लागलेलं असतं, त्याची काट वेगळी. ‘काट’ हा या धंद्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे. माती, गंज, रबर, तेल, लाकूड जे काही लोखंड नाही त्यापोटी वजनातून जे वजा करतात ती काट. धरमकाट्यावर ट्रकचं भरलेलं वजन होतं, मग रिकाम्याचं, मग काट. पहिले दोन आकडे यंत्र देतं. तिसरा आकडा माणूस देतो, आणि सारी भांडणं त्या तिसऱ्या आकड्यावर होतात.

हेवी आणि लाइट यांतली रेघ मनाची नाही. ‘हेवी मेल्टिंग’ ही प्रतवारी जगभर चालते. तिच्या पहिल्या प्रतीत जाडी किमान पाव इंच हवी, दुसरीत इंचाचा आठवा भाग. आपल्या सुतार-लोहारांच्या मापात पाव इंच म्हणजे दोन सूत आणि आठवा भाग म्हणजे एक सूत. पहिल्या प्रतीत जस्त चढवलेला माल चालत नाही, दुसरीत चालतो. लांबी साठ इंच आणि रुंदी चोवीस इंच यापेक्षा मोठा तुकडा चालत नाही, कारण भट्टीत माल ओतायच्या पेटीचं माप तेवढं धरलेलं आहे. गोदामात दिवसभर गॅसकटर चालतात ते या मापासाठी. म्हणजे ‘दोन सूत’ एवढं ज्याला कळलं त्याला जागतिक बाजारातल्या एका प्रतीची किल्ली मिळाली. आपल्या प्रत्येक गवंड्याला आणि वेल्डरला सूत कळतं. भंगाराचा भाव त्या सुतावर ठरतो, हे मात्र त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही.

कटरवर काम करणाऱ्यासाठी एक शब्द जिवाशी गाठ घालणारा आहे : बंद माल. दोन्ही तोंडं बंद असलेला पाइप, गॅसचं सिलिंडर, गाडीचा शॉकअब्सॉर्बर. ज्वाला लागली किंवा भट्टीत पडला की आतली हवा, तेल, पाणी फुगतं आणि फुटतं. २००४ च्या सप्टेंबरअखेर उत्तर प्रदेशात साहिबाबादच्या पोलाद कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारातल्या तोफगोळ्याचा स्फोट होऊन दहा कामगार मेले. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी बाजारात विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून लिलावात निघालेलं एक जुनं उपकरण फोडलं गेलं, आत कोबाल्ट-६० होतं. एक जण किरणोत्सर्गाने गेला, कित्येक आजारी पडले. अशा दुर्घटनांनंतर बंदरांवर तपासणीची यंत्रं आली आणि परदेशी मालाला प्रमाणपत्र सक्तीचं झालं. चंद्रपूरच्या गोदामात आजही तपासणी म्हणजे अनुभवी कामगाराची नजर. हातमोजे, चष्मा, बूट यांविना कटर चालवणारी पोरं पाहिली की जीव खालीवर होतो.

*

या दोन जिल्ह्यांत भंगाराचा मोठा साठा घराघरांत नाही, तो सरकारी आवारांत आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणींतले झिजलेले डंपर, कोळसा वाहणारे कन्व्हेयर आणि तांब्याच्या केबल. दुर्गापूरच्या महाऔष्णिक वीजकेंद्रातली जुनी यंत्रं. त्या केंद्राचे २१० मेगावॉटचे पहिले दोन संच १९८३ आणि १९८४ साली सुरू झाले होते, ते आता निवृत्त झाले आहेत. मूल रस्त्यावरचा फेरो अलॉय कारखाना, जो पूर्वी महाराष्ट्र इलेक्ट्रोस्मेल्ट होता आणि २०११ मध्ये ‘सेल’मध्ये विलीन झाला. भद्रावतीचा आयुध कारखाना. आणि रेल्वे.

सरकारी माल लिलावातून निघतो. १९६४ साली स्थापन झालेली मेटल स्क्रॅप ट्रेड कॉर्पोरेशन, म्हणजे एमएसटीसी, ही केंद्र सरकारची कंपनी आधी भंगाराच्या आयात-निर्यातीवर देखरेख ठेवायची. आता तिच्या संगणकावर खाणी, वीजकेंद्रं आणि कारखाने यांच्या मालाची बोली लागते. रेल्वेचा स्वतःचा वेगळा लिलाव-मंच आहे. इथली भाषा पूर्णपणे वेगळी. ‘लॉट’ म्हणजे एकत्र विकायचा ढीग. ‘ईएमडी’ म्हणजे आधी भरायची अनामत. सर्वांत वरची बोली ती ‘एच-वन’. बोली जिंकली तरी पाटीवर ‘एसटीए’ दिसलं तर अजून विक्री झालेली नाही, विक्रेत्याची मंजुरी बाकी आहे. मंजुरी, पैसे, मग ‘डीओ’, म्हणजे माल उचलायचा हुकूम. डीओवर मुदत असते. मुदतीत माल उचलला नाही तर जागाभाडं चढतं आणि आणखी उशीर झाला तर अनामत जाते. लिलावाची मुख्य अट एकच : माल जसा आहे तसा, जिथे आहे तिथे. ढिगात चिखल निघाला, नोंदीत तांबं होतं आणि प्रत्यक्षात उपसलेलं निघालं, तरी तक्रार चालत नाही. म्हणून जाणता व्यापारी बोलीआधी स्वतः खाणीवर जाऊन ढीग उपसून पाहतो.

हे सगळं इंग्रजीत आहे. नागपूर-रायपूर-जालन्याच्या व्यापाऱ्याला त्याने काही अडत नाही. राजुऱ्याच्या किंवा वरोऱ्याच्या तरुणाला अडतं. त्याच्या गावची जमीन ज्या खाणीत गेली, त्या खाणीचा मोडका डंपर घ्यायची ऐपत चार मित्र मिळून त्याच्यात असू शकते, पण अटींचं पन्नास पानी पुस्तक त्याच्या भाषेत नाही. महाराष्ट्रातल्या खाणीचा लिलाव मराठीत का निघू नये, याचं एकही पटणारं कारण मला सापडलेलं नाही.

करांचे शब्दही या साखळीत वरून खाली आले आहेत. भंगारावर वस्तू व सेवा कर १८ टक्के. शिवाय विक्रेत्याने घेणाऱ्याकडून वसूल करायचा टीसीएस. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या माणसाकडून धातूचं भंगार घेतलं तर कर भरायची जबाबदारी नोंदणी असलेल्या घेणाऱ्यावर आली. गोदामवाला ती जबाबदारी भाव उतरवून खाली ढकलतो. हातगाडीवाल्याला कराचं नाव माहीत नसतं, पण त्याचा भाव उतरलेला असतो.

*

जागतिक बाजारात या मालाची नावं ऐकली तर नवखा माणूस चक्रावून जाईल. चकचकीत उघड्या तांब्याच्या तारेला ‘बार्ली’, म्हणजे जव. तारेची दुसरी प्रत ‘बर्च’. तांब्याचे जाड तुकडे ‘कँडी’. पिवळं पितळ ‘हनी’. ॲल्युमिनियमचे ओतीव भाग ‘टेन्स’. गाड्या चिरडून निघालेला मिश्र अलोह माल ‘झोर्बा’. ही नावं तारेच्या काळातली. तार करताना शब्दागणिक पैसे पडायचे, म्हणून अमेरिकेतल्या व्यापारी संघटनेनं प्रत्येक प्रतीचं चार ओळींचं वर्णन एका छोट्या शब्दात बांधलं. ‘हनी’ एवढं लिहिलं की कोणतं पितळ चालेल, काय चालणार नाही, हे दोन्ही बाजूंना कळायचं. तार गेली, शब्द राहिले. भारत सरकारच्या आयात-नियमांत तेच शब्द आहेत आणि जामनगरच्या पितळ बाजारात भाव ‘हनी’चा विचारतात.

आपल्याकडे जर्मल, बीड, टीन-टप्पर हे शब्द तेच काम करत आले आहेत. फरक असा की तिकडे शब्दामागची व्याख्या छापलेली आहे, इकडे ती दुकानदाराच्या मनात आहे. व्याख्या छापलेली असली की भांडता येतं.

*

रेल्वेची भाषाही तशीच अक्षरांत बांधलेली. बल्लारशाहच्या यार्डात उभ्या डब्यांवर पांढऱ्या रंगाने लिहिलेलं वाचा. बॉक्स-एन म्हणजे चार चाकांच्या दोन बोगींवरचा, वरून उघडा, उंच भिंतींचा डबा. शेवटचा एन हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचा. बीसीएन म्हणजे बंद डबा, सिमेंट-धान्याचा. बीआरएन म्हणजे सपाट डबा, रूळ आणि पोलादी पट्ट्यांचा. बीओबीआर म्हणजे तळातून कोळसा सोडणारा. भंगार जातं ते उघड्या बॉक्स-एनमधून.

मालडब्याला मराठी वृत्तपत्रं ‘वाघीण’ म्हणतात. चंद्रपुरात हा शब्द लिहिताना माझा हात थबकतो. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये जुनोन्याजवळ, चांदा फोर्टहून गोंदियाकडे जाणाऱ्या मार्गावर, वाघिणीचे तीन बछडे गाडीखाली चिरडले गेले. याच गोंदिया-बल्लारशाह मार्गाच्या दुहेरीकरणाला केंद्राने २०२५ च्या एप्रिलमध्ये मंजुरी दिली आहे, २४० किलोमीटर. मालगाड्या वाढतील. जंगलातून जाणाऱ्या पट्ट्यात गाड्यांचा वेग बांधणं आणि खालून वाटा सोडणं हे कामाच्या आराखड्यातच पक्कं झालं पाहिजे, नंतर नाही.

माल रेल्वेने पाठवायचा तर पहिला शब्द ‘इंडेंट’, म्हणजे डब्यांची मागणी नोंदवणं. डबे आले की ‘प्लेसमेंट’. भरायला ठरलेले तास ‘फ्री टाइम’. ते उलटले की डबा अडवल्याचा दंड ‘डेमरेज’. फलाटावर माल पडून राहिला तर त्याचा दंड वेगळा, ‘व्हार्फेज’. भरून झालं की ‘आरआर’, रेल्वेची पावती. ज्याच्या हातात ती, माल त्याचा. ठरलेल्या क्षमतेपेक्षा जास्त भरलं तर दंडाचं भाडं. बॉक्स-एनची मूळ क्षमता अठ्ठावन्न टनांच्या आसपास आणि पूर्ण गाडीत अठ्ठावन्न-एकोणसाठ डबे. म्हणजे एक ‘रेक’ तीन हजार तीनशे टनांच्या वर. पंचवीस टनांचे ट्रक धरले तर एकशे तीसहून जास्त. चंद्रपूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गोदामात एका वेळी एवढा माल साठत नाही. त्यात भंगार पोकळ. टीन-टप्परने डबा काठोकाठ भरला तरी वजन क्षमतेच्या बरंच खाली राहतं, आणि भाडं मात्र ठरलेल्या किमान वजनावर द्यावं लागतं. पत्रा दाबून चौकोनी गठ्ठे करणारं यंत्र परवडणाऱ्यालाच रेल्वे परवडते. बाकीचा माल ट्रकनेच जातो : रायपूरला, नागपूरला, नाहीतर साडेचारशे-पाचशे किलोमीटरवरच्या जालन्याला, जिथे सळया ओतणाऱ्या विजेच्या भट्ट्या आहेत. रुळावरून जाण्यात डिझेल कमी जळतं हे खरं, पण लहान माणसाला पाच-दहा डब्यांची मागणी सहज नोंदवता आली तरच त्या खरेपणाचा उपयोग.

रेल्वे ही नुसती वाहणारी नाही, देशातली फार मोठी भंगार विकणारी आहे. २०२०-२१ या एका वर्षात तिने भंगारातून ४,५७५ कोटी रुपये मिळवले, आणि तो तोवरचा उच्चांक होता. तिचे आपले शब्द आहेत. रूळमार्गातून निघालेल्या सगळ्या मालाला ‘पी-वे’. वापरून काढलेलं ते ‘रिलीज्ड’, म्हणजे अजून दुसरीकडे लावता येईल असं. लावता येत नाही ते स्क्रॅप. रुळांना जोडणारी पट्टी फिशप्लेट. जुना रूळ ‘नव्वद पौंडी’, कारण एक यार्ड लांबीला नव्वद पौंड वजन. ओतीव लोखंडाचे जुने स्लीपर ‘सीएसटी-नाइन’, आणि बीडवाल्यांचं लक्ष सगळ्यात आधी त्यांच्यावर.

आपल्या जिल्ह्यात याचं ताजं उदाहरण नागभीडचं. नागपूर-नागभीड ही अडीच फुटी रुळांची छोटी गाडी १९०८ पासून धावत होती, २०१९ मध्ये ती ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. त्याआधी गोंदिया-नागभीड-चांदा फोर्ट हा छोटा मार्गही असाच मोठा झाला होता. भिवापूर, उमरेडच्या बाजाराला जाणाऱ्या कित्येकांच्या आठवणी त्या गाडीत आहेत. रेल्वेच्या नोंदवहीत ती सारी लांबी टनांत मोजली जाते.

रुळाचा एक तुकडा गोदामात सापडला तर काय होतं, हे प्रत्येक भंगारवाल्याला पाठ असतं. रेल्वे मालमत्ता बेकायदा बाळगण्याचा कायदा १९६६ चा. पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि माल कायदेशीरपणे मिळाला हे दाखवायची जबाबदारी बाळगणाऱ्यावर येते. म्हणून लिलावात घेतलेल्या रुळाचा डीओ आणि गेटपास लोक वर्षानुवर्षं जपून ठेवतात. शेतकऱ्यानं कुंपणाला घेतलेल्या रुळाच्या खांबाचीही पावती असावी लागते, हे मात्र शेतकऱ्याला कुणी सांगत नाही.

*

चांदा हे चंद्रपूरचं जुनं नाव, आणि चांद्याच्या लोखंडाची गोष्ट या धंद्याहून कितीतरी जुनी. १८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातल्या लोखंडावरचा अहवाल निघाला. त्यात लोहाऱ्याच्या खनिजाचं आणि जवळच वरोऱ्याला कोळसा असल्याचं वर्णन होतं. ते वाचून जमशेटजी टाटांनी पोलादाचा ध्यास घेतला. वरोऱ्याचा कोळसा जर्मनीत तपासून घेतला, तो उपयोगाचा निघाला नाही. वीस-बावीस वर्षांनी दोराबजी टाटा आणि अमेरिकन भूशास्त्रज्ञ वेल्ड बैलगाड्यांनी याच जंगलात फिरले. खनिज चांगलं होतं, पण एका मोठ्या कारखान्याला पुरेल एवढं एका जागी सापडलं नाही. शोध पुढे दुर्गकडे आणि मग मयूरभंजकडे गेला. कारखाना १९०७ नंतर साकचीला उभा राहिला, त्याचं जमशेदपूर झालं. वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ मध्ये बंद पडली.

आता शंभर वर्षांनी सुरजागडचा डोंगर उघडला आहे. ३४८ हेक्टरचा खाणपट्टा २००७ मध्ये दिला गेला, उत्खनन २०१६ मध्ये सुरू झालं, त्याच डिसेंबरात माओवाद्यांनी तिथली सत्तरहून अधिक वाहनं जाळली. २०२१ पासून काम पुन्हा जोरात आहे. हेडरी ते कोनसरी अशी ८५ किलोमीटरची नळवाहिनी खनिजाचा पातळ लगदा वाहून नेते. कोनसरीत साडेचार दशलक्ष टनांच्या पोलाद कारखान्याची पायाभरणी २०२५ च्या जुलैत झाली. ज्या डोंगरावर ठाकूरदेवाची जत्रा भरते तो डोंगर टप्प्याटप्प्याने खाली येतो आहे.

इथेच भंगाराचं खरं मोल कळतं. जागतिक पोलाद संघटनेच्या हिशेबाने एक टन भंगार वितळवलं की १.४ टन लोहखनिज, ७४० किलो कोळसा आणि १२० किलो चुनखडी वाचते, शिवाय दीड टन कार्बन डायऑक्साइड हवेत जात नाही. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात हे आकडे कागदावरचे असतील. इथे ते आपल्या अंगणातले आहेत. खनिज सुरजागडचं, कोळसा वर्धा खोऱ्यातला, चुनखडी राजुरा-कोरपन्याची. आरमोरीच्या बाईनं पोत्यात भरलेली फुटकी बादली त्या तिन्ही खाणींचा थोडा थोडा भाग वाचवते. केंद्राचं पोलाद-भंगार धोरण २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये आलं. त्यात जुन्या गाड्यांची केंद्रं आहेत, तोडणीचे नियम आहेत. त्या बाईला मिळणाऱ्या भावाबद्दल त्यात काही दिसत नाही.

भाव ठरवणं गावांना जमतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेला २०११ च्या एप्रिलमध्ये बांबू वाहतुकीच्या पासांचं पुस्तक मिळालं. त्यानंतर जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभांनी तेंदूपानाचे लिलाव स्वतः काढले, कंत्राटदाराशी स्वतः बोलणी केली, पुड्यांचा दर्जा आणि दर फळ्यावर लिहिले. ज्या माणसांनी हे केलं त्यांना मेल्टिंग, बीड, जर्मल, काट हे चार शब्द शिकायला एक दुपार पुरे. त्यासाठी गावात एक काटा हवा, एक चुंबक, एक कानस, आणि एकाऐवजी पाच पोती. बचत गटानं महिन्यातून एकदा माल वेगळा करून तोलला, त्याची वही ठेवली, आणि चंद्रपूरच्या दोन गोदामांचा भाव फोनवर विचारला तरी फेरीवाल्यालाही तोच भाव द्यावा लागेल. तो फेरीवालाच गटाचा माणूस झाला तर आणखी चांगलं, कारण वाटा त्याला माहीत आहेत. दहा गावांचा माल एकत्र आला की ट्रक भरतो आणि बोलणं गोदामाशी न होता थेट भट्टीशी होतं. आज ती भट्टी जालन्याला आहे. देसाईगंज ते गडचिरोली ही ५२ किलोमीटरची रेल्वे पुरी होईल आणि कोनसरीत पोलाद वितळू लागेल, तेव्हा भट्टी चामोर्शी तालुक्यातच असेल. पोलाद बनवणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये उकळत्या लोखंडाची उष्णता आवरायला भंगार घालावंच लागतं. ते भंगार त्या वेळी कुणाच्या काट्यावर तोललेलं असेल, हे ठरवायला अजून काही वर्षं हातात आहेत.